सोळा वेळा चूक

माणूस शिकतो कसा, हे शोधायला मच्छिंद्र आपल्याच गावात आला, यात त्याची सोयच जास्त होती. औरंगाबादेत प्रयोगाला माणसं मिळत नव्हती. मिळालीच तर विद्यार्थी मिळायचे, आणि ते चहा पिऊन निम्म्यात उठून जायचे. घनसावंगीच्या पुढं जीपनं अर्ध्या तासावर त्याचं गाव. तिथं द्वारकाबाईच्या पोरानं बोलावलंय म्हटल्यावर नाही म्हणायची कुणाची टाप होती? चाळीस माणसं हवी होती, ती चार दिवसांत आली. गावाला विज्ञानाचं केवढं कुतूहल आहे, असं मच्छिंद्रला वाटलं. शिकलेल्या माणसाला असं काहीबाही वाटत असतं.

ही गोष्ट शहाण्णव सालच्या डिसेंबरातली. कापसाचा वेचा चालू होता, दुपारून बायाबापड्या रानातून परतायच्या आणि द्वारकाबाईच्या ओसरीवर येऊन बसायच्या. प्रयोग म्हटलं तर पोरखेळ. चटईवर दोन पितळी वाट्या पालथ्या घातलेल्या. मच्छिंद्र एक कार्ड दाखवणार, पिवळं नाहीतर निळं. समोरच्यानं एक वाटी उचलायची. खाली चिंचोका निघाला तर तो त्याचा. कार्ड पिवळं असलं की चिंचोका बहुतेक वेळा डावीकडं असायचा, निळं असलं की उजवीकडं. बहुतेक वेळा म्हणायचं, कारण वीस खेपांत चार वेळा मच्छिंद्र मुद्दाम उलटं ठेवायचा. यातलं काहीच कुणाला सांगायचं नाही, ज्याचं त्यानं ओळखायचं. बारा चिंचोके झाले की स्टीलची कोरी करकरीत वाटी बक्षीस.

त्याच्या वहीत एक सूत्र होतं आणि त्या सूत्रावर त्याचा फार जीव होता. माणसाला काय मिळेल असं वाटतं आणि हातात खरं काय पडतं, या दोहोंत जेवढा फरक, त्याच्या काही हिश्शानं माणूस पुढच्या खेपेला बदलतो. बस्स, एवढंच. त्यावरून कोण कितव्या खेपेला कार्डाचा इशारा धरेल, हे आधीच मांडता यायचं. आणि गंमत म्हणजे ते जुळायचंही. ज्या बाईनं उभ्या जन्मात शाळेची पायरी बघितली नव्हती तीही आठव्या-नवव्या खेपेला पिवळं दिसलं की डावीकडं हात घालायची. मच्छिंद्र वहीत टिंब मांडायचा, टिंबांची रेघ वर चढायची, आणि त्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

ओसरीच्या उंबऱ्यात त्याची आई, द्वारकाबाई, अडकित्ता घेऊन बसलेली असायची. नवरा गेल्यापासून दहा वर्षं चाळीस एकर तिनं एकटीनं सांभाळली होती, आणि आता बायांसाठी जागा राखीव झाल्या तशी पंचायतीतही निवडून आली होती. बाई वाईट नव्हती. दिवाळीला गड्यांच्या बायकांना लुगडी द्यायची, कुणाचं लेकरू आजारी पडलं तर बैलगाडी जुंपून द्यायची. मोठ्यानं कधी बोलायची नाही. तशी गरजच नव्हती. तिच्या अडकित्त्याचा कटकट आवाज चालू आहे तोवर सगळं ठीक, तो थांबला की कुणाचं तरी काहीतरी चुकलंय, हे सालगड्यापासून घरच्या मांजरापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. मच्छिंद्रलाही होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि ते वहीत उतरणं वेगळं. वहीत त्यानं ‘प्रयोगाची जागा : शांत’ असं लिहिलं होतं.

सतराव्या नंबरला कौसल्या आली.

कौसल्या भीमनगरातली, त्याच्याच वयाची. चौथीपर्यंत दोघं एकाच फरशीवर बसलेली. पुढं तो जालन्याला, तिथून औरंगाबादेला गेला, आणि ती द्वारकाबाईच्या रानात गेली. नवरा ऊसतोडीला म्हणून गेला तो तिकडचाच झाला होता, पदरी एक पोरगी होती. कमरेची कापसाची ओटी सोडून ती आली आणि चटईच्या कडेला, अर्धी जमिनीवर बसली.

“अशी वर बस की,” मच्छिंद्र म्हणाला.

“ठीक हाय भाऊ. इथून दिसतंय बराबर.”

पहिल्या चार खेपांत तिनं तीन चिंचोके काढले. मच्छिंद्रनं मान वर करून बघितलं. एवढ्या लवकर अजून कुणी इशारा धरला नव्हता. आणि मग पाचव्या खेपेपासून कौसल्या चुकायला लागली. पिवळं कार्ड दाखवलं की हात उजवीकडं जायचा, निळं दाखवलं की डावीकडं. चुकत गेली ती विसाव्या खेपेपर्यंत चुकतच गेली. मध्ये ज्या तीन खेपांना चिंचोका मुद्दाम उलट ठेवलेला होता तेवढा तिच्या हाताला लागला. अन् तो लागला की तिचा चेहरा उतरायचा. मच्छिंद्रनं तेही टिपून घेतलं, ‘बक्षिसाबद्दल उदासीन’. शेवटी सहा चिंचोके झाले. स्टीलची वाटी काही तिला मिळाली नाही.

“काय गं कौसल्या, चौथीत तर लई हुशार होतीस,” तो हसत म्हणाला.

“तवाचं डोकं आता कुठं राह्यलं भाऊ,” म्हणून तीही हसली आणि पदर खोचून उठली. उंबऱ्यात अडकित्ता वाजत होता.

*

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर शाळेत मच्छिंद्रनं आपलं काम गावापुढं मांडलं. हे द्वारकाबाईच्याच मनात आलं होतं. पोरगा एवढा शिकलाय तर गावालाही कळू दे की. सरपंच पुंजाराम होते, गुरुजी होते, आणि अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका पुष्पाबाई झेंड्यासाठी मुद्दाम घनसावंगीहून आल्या होत्या.

पुष्पाबाईंच्या येण्याला आणखी एक कारण होतं. गावच्या अंगणवाडीत मदतनीसाची जागा निघाली होती. मानधन काही फार नव्हतं, पण बारा महिन्यांचं काम, सावलीतलं काम. दोन अर्ज आले होते. एक बेबीनंदाचा, ती द्वारकाबाईच्या भावाची सून, आणि दुसरा कौसल्याचा. लहान लेकरांना सांभाळणं, खिचडी शिजवणं, हजेरी लिहिणं, एवढं जमलं पाहिजे. कौसल्यानं हजेरीचं रजिस्टर पुष्पाबाईंना घडाघडा वाचून दाखवलं होतं, आणि पुष्पाबाईंचा कल तिच्याकडं झुकला होता. पुढच्या सोमवारी पंचायतीत बसून ठरायचं होतं.

मच्छिंद्रनं खाकी कागदावर चाळीस माणसांच्या चाळीस रेघा काढल्या होत्या. नावं नव्हती, नुसते नंबर. एकोणचाळीस रेघा वर चढत गेलेल्या, आणि एक सरळ खाली, भुईमुगाच्या आऱ्यासारखी मातीत घुसलेली.

“ही बया उलटी कुठं चालली?” सरपंचांनी काठीनं त्या रेघेवर ठोकून विचारलं.

मच्छिंद्रचं त्या दिवशी लोक ऐकत होते, आणि लोक ऐकायला लागले की भल्याभल्यांची जीभ सैल सुटते. तो म्हणाला, “असतात काही माणसं. पुढ्यात दिवा धरला तरी अंधाराकडंच जाणार. कितीही शिकवा, शिकतच नाहीत.”

लोक हसले. मागून कुणीतरी ओरडलं, “सतरा नंबर मंजे आपली कौसल्या! रंगनाथचा अठरावा, त्याच्या आधी तीच बसल्ती!”

इथं मच्छिंद्रला नाही म्हणता आलं असतं. नंबर गुप्त असतो, असं तरी म्हणता आलं असतं. तो नुसता गालात हसला. कौसल्या भिंतीपाशी बायांमध्ये बसली होती, तीही तोंडाला पदर लावून हसली. पुष्पाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून डायरी काढली आणि काहीतरी लिहिलं.

*

औरंगाबादेत त्याच्या पीएच.डी.च्या गाइडनं ते तक्ते बघितले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“ही सतरा नंबर. हिच्याबद्दल काय लिहिलंयस?”

“शिकू शकली नाही सर. इशारा तिला कळलाच नाही.”

“नाणं उडवून वाटी निवडली असती तर पाचव्या खेपेपासून पुढच्या सोळांत किती वेळा कार्डाबरोबर गेली असती?”

“आठेक वेळा.”

“आणि ही किती वेळा गेली?”

मच्छिंद्रनं कागद बघितला. बघायची गरज नव्हती, आकडा पाठ होता. “एकदाही नाही.”

“ज्याला येत नाही तो निम्मा चुकतो रे. सोळाच्या सोळा चुकायला सगळं यावं लागतं.” गाइडचा आवाज चढला नव्हता, त्यामुळं ते जास्त लागलं. “तुझ्या चाळिसांत सगळ्यात आधी शिकली ती ही बाई. चौथ्या खेपेला. मग ती मुद्दाम हरलीय. का हरली, ते विचारून ये. आणि तुला हे दिसलं कसं नाही, तेही स्वतःला विचार.”

मच्छिंद्र खाली आला आणि विभागाच्या पायरीवर बसून राहिला. अकरावीच्या पोरालाही कळावं असं गणित. ते त्याला कळलं नव्हतं, कारण कौसल्याला येत नसणार हे त्यानं आधीच धरून टाकलं होतं. आणि धरलेलं चारचौघांत, झेंड्याखाली बोलूनही आला होता. त्याचे कान तापले. तिथं कुणी बघणारं नव्हतं तरी त्यानं तोंड खाली घातलं.

*

रविवारी दुपारी तो भीमनगरात गेला. आयुष्यात दुसऱ्यांदा की तिसऱ्यांदा. कौसल्याचं घर एका खोलीचं, भिंत निळीनं रंगवलेली, त्यावर दोन फोटो, खाली पोरीचं दप्तर खुंटीला. ती ज्वारी निवडत होती. त्याला दारात बघून उभी राहिली आणि घरातली एकुलती एक खुर्ची पदरानं पुसली.

“कौसल्या, तू मुद्दाम हरलीस,” तो बसायच्या आधीच म्हणाला.

तिनं नाही म्हटलं नाही. परातीतला एक खडा उचलून बाजूला टाकला.

“पिवळं असलं की डावं, निळं असलं की उजवं. अन् मधीच तुमी फसवून राह्यल्ते,” ती म्हणाली. “तिसऱ्या खेपेलाच कळल्तं.”

“मंग?” औरंगाबादची भाषा त्याच्या तोंडातून गळून गेली.

“मंग तिसरा चिंचोका निंगाला अन् अडकित्ता थांबला.”

मच्छिंद्र खुर्चीवर टेकला.

“तुमाला ऐकू आलं न्हाई?”

“न्हाई.”

“आमाला येतं,” ती म्हणाली. “म्या एकदा हरून बघितलं. झाला चालू. दुसऱ्यांदा हरले, चालूच. मंग म्हणलं बरंय. मधीच तुमचा फसवा चिंचोका यायचा हाताला, तवा धडकी भरायची.”

“अगं पण एक वाटी! माय काय एका वाटीसाठी…”

“वाटीचं न्हाई भाऊ. पेन्शिलीचं.”

त्याला काही आठवेना. तिनं परात खाली ठेवली आणि त्याला सांगितलं, अगदी सरळ, रागाबिगाचा मागमूस नसल्यासारखं. चौथीत गुरुजी तोंडी हिशोब घालायचे. आधी उत्तर सांगील त्याला मागं लाल रबर लावलेली पेन्सिल. पहिल्या दिवशी कौसल्यानं जिंकली, दुसऱ्या दिवशीही तिनंच जिंकली. दुसऱ्या दिवशी मच्छिंद्र शाळेतून रडत घरी गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी कौसल्याची आई गिरिजाबाई कामाला गेली तर द्वारकाबाई म्हणाली, आठ दिवस येऊ नको. एवढंच. का ते सांगितलं नाही, आणि गिरिजाबाईनं विचारलं नाही.

“सहाव्या दिवशी घरात पीठ न्हवतं,” कौसल्या म्हणाली. “मायनं मला मारलं न्हाई. नुसतं म्हणली, तुला पाढे येत न्हाईत. येत न्हाईत बरं का. मंग म्या इसरले. गुरुजींनी बारा सत्ते इचारलं की म्या गप. गुरुजींना वाटलं पोरीला कुणाची नजर लागली.”

शिष्यवृत्तीच्या परीक्षेला त्या वर्षी शाळेतून एकच पोरगं बसलं होतं. ते कोण, हे मच्छिंद्रला कुणी सांगायची गरज नव्हती. त्या शिष्यवृत्तीचा कागद घरात अजून काचेत लावलेला होता. त्याला पेन्सिल आठवली, तिचं लाल रबर आठवलं. रबराला वास होता, तो सुद्धा आठवला. रडत घरी गेल्याचं मात्र काही केल्या आठवेना, आणि आठवत नाही याचीच त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली. त्याच्या एका दुपारच्या रडण्यावर हिचा जन्म गेला, आणि ते त्याच्या ध्यानातही राहिलं नव्हतं.

“उद्या पंचायतीत मी बोलतो,” तो म्हणाला. “सगळं सांगतो. तो कागद चुकीचा हाय, ही बाई चाळिसांत पहिली हाय, असं पुष्पाबाईंपुढं सांगतो.”

“नका बोलू.”

“का?”

“तुमी उभं राह्याल, मंग मायकडं बघाल, अन् मंग बसाल.”

मच्छिंद्रला ते झोंबलं. “मी आता चौथीत हाय का?”

“तसं न्हाई भाऊ. म्या तुमाला चौथीपासून बघून राह्यले.” ती पहिल्यांदाच त्याच्या तोंडाकडं सरळ बघत होती. “ही नोकरी मला कशापायी पाह्यजे? मानधन किती, ठावं हाय ना? रानात त्यापेक्षा जास्त पडतं. पण अंगणवाडीत कुणाच्या अडकित्त्याकडं कान द्यावा लागत न्हाई. माझी पोरगी तिसरीत हाय, तिला पाढे येतेत. तिला इसर म्हणायची पाळी माझ्यावर यायला नको, एवढंच.”

“म्हणूनच बोलतो की.”

तिनं परात पुन्हा पुढ्यात ओढली. मग म्हणाली, “बोलायचं असंल तर बिलकुल पुरं बोला. अर्धं बोलू नका. अर्धं बोललं की नोकरी तर जाईलच, अन् वर रानातलं कामही जाईल.”

“पुरं बोलतो,” मच्छिंद्र म्हणाला, आणि म्हणताना त्याला ते अगदी खरं वाटत होतं.

*

सोमवारी पंचायतीच्या खोलीत सतरंजी टाकलेली. भिंतीला पाठ लावून सदस्य बसले होते, त्यात द्वारकाबाई. पुष्पाबाईंना खुर्ची दिली होती. बेबीनंदा नवं पातळ नेसून आली होती. कौसल्या दाराशी. द्वारकाबाईनं कमरेचा बटवा सोडला, सुपारी काढली आणि अडकित्ता चालू झाला.

रात्रभर मच्छिंद्रनं मनात वाक्यं जुळवली होती. पहिलं वाक्य, माझा कागद चुकीचा आहे. दुसरं, कौसल्या सगळ्यांत आधी शिकली. तिसरं, ती मुद्दाम हरली, आणि का हरली ते मी सांगतो. तिसरं वाक्य अवघड होतं, पण त्याच्यावाचून पहिल्या दोन्हींना अर्थ नव्हता, हे त्याला चांगलं कळत होतं. सोबत कागदही होता, सोळा खेपांचा.

पुष्पाबाईंनी दोन्ही अर्ज वाचले. म्हणाल्या, “कौसल्याचं वाचन चांगलं आहे. पण त्या दिवशी शाळेत सरांनी जे सांगितलं, त्याचा मला विचार करावा लागतो. लहान मुलांचं काम आहे, शिकवलेलं लक्षात राहिलं पाहिजे. सर इथंच आहेत. काय सर?”

मच्छिंद्र उभा राहिला.

“मॅडम, मी त्या दिवशी जे बोललो ते चूक होतं. माझा कागद चुकीचा आहे,” तो म्हणाला. आवाज बरा निघाला. खोली शांत झाली. “कौसल्या शिकली नाही, असं मी म्हणालो. खरं म्हणजे ती…”

अडकित्ता थांबला.

आता सगळ्या गावाला ठाऊक असलेला तो आवाज, म्हणजे आवाजाचं ते थांबणं, या खेपेला मच्छिंद्रला नीट ऐकू आलं. अठ्ठावीस वर्षं ते ऐकत आलेला त्याचा कान होता. त्याला कळत होतं की हाच तो इशारा. हे असं होतं, याचं सूत्र त्याच्या वहीत होतं, सूत्राखाली त्याची सही होती. मान वळवायची नाही, असं त्यानं स्वतःला बजावलं, आणि बजावेपर्यंत मान वळून झाली होती.

द्वारकाबाई त्याच्याकडं बघत होती. रागानं नाही. नुसती, लेकरू पायरीवरून पडतंय का, हे बघावं तशी.

“म्हणजे,” मच्छिंद्र म्हणाला, “प्रयोगात थोडी तांत्रिक अडचण असू शकते. मोजण्यात मागं-पुढं होतं कधीकधी. त्यामुळं तेवढ्यावरून काही ठरवू नये, असं माझं मत आहे.”

“तांत्रिक मंजे?” पुंजाराम सरपंचांनी विचारलं.

“म्हणजे… चिंचोके थोडे लहान-मोठे होते.”

खोलीत हशा पिकला. चिंचोके लहान-मोठे होते, हे वाक्य त्याच्या तोंडातून कुठून आलं, ते त्यालाही कळलं नाही. हातातला सोळा खेपांचा कागद त्यानं चार घड्या करून खिशात घातला आणि तो खाली बसला. अडकित्ता पुन्हा वाजायला लागला.

पुष्पाबाई क्षणभर त्याच्याकडं बघत राहिल्या, अजून काही येतंय का म्हणून. काही आलं नाही. मग त्यांनी बेबीनंदाच्या नावापुढं खूण केली. बेबीनंदानं उठून सगळ्यांच्या पाया पडायला सुरुवात केली, पहिल्यांदा द्वारकाबाईच्या.

मच्छिंद्रनं दाराकडं बघितलं नाही. पण न बघताही त्याला दिसलं, कौसल्या त्याच्या बसण्याआधीच उठली होती.

बाहेर पिंपळाखाली तिनं त्याला गाठलं. तिनं शिव्या घातल्या असत्या, रडली असती, निदान म्हणाली असती की मी म्हणले न्हवते का, तर त्याला काहीतरी उत्तर देता आलं असतं. त्यानं माफीची दोन-तीन वाक्यं तोंडात तयार ठेवली होती, तीसुद्धा चांगली जुळवलेली. तिनं ती बोलायला जागाच ठेवली नाही.

“भाऊ, एक काम करा,” ती म्हणाली. “वरच्या पट्टीतला कापूस राह्यलाय येचायचा. उद्या येऊ का, एवढं मायला इचारून सांगा.”

“येच की. त्यात काय इचारायचं?”

“इचारून सांगा,” ती म्हणाली, आणि भीमनगराच्या वाटेला लागली.

तो घरी आला तेव्हा द्वारकाबाई आधीच येऊन उंबऱ्यात बसली होती. तिनं त्याच्याकडं मायेनं बघितलं. पोराचा चेहरा सुकला होता. “भाकर खाऊन घे,” ती म्हणाली. “सकाळपून पोटात काय न्हाई तुझ्या.”

भिंतीवर काचेतला शिष्यवृत्तीचा कागद होता. कोपऱ्यात दोन पितळी वाट्या, जवळ चिंचोक्यांची पुरचुंडी, आणि वाटून उरलेल्या स्टीलच्या वाट्यांची चवड. मच्छिंद्र ओसरीवर उभा राहिला. आता इथं कुणी नव्हतं, सरपंच नव्हते, पुष्पाबाई नव्हत्या, फक्त तो आणि त्याची आई. पेन्सिलीचं विचारायचं तर आताच विचारता आलं असतं. त्यानं तोंड उघडलं.

“माय, कौसल्या इचारत होती. उद्या येचायला येऊ का म्हणून.”

द्वारकाबाईनं सुपारीचं खांड अडकित्त्यात धरलं. हात काही थांबला नाही, आवाजही चढला नाही.

“राहू दे म्हणावं आठ दिवस,” ती म्हणाली.

“बरं,” मच्छिंद्र म्हणाला.

आणि पायात चपला घालून तो निरोप सांगायला भीमनगराकडं निघाला.